निकाल नको, कागद हवा: ग्वाल्हेरच्या अतिथी शिक्षकांची एक याचिका

रिट याचिकेत सगळ्यात शेवटी येते ती प्रार्थना. आधीच्या वीस-पंचवीस पानांत कोण, कधीपासून, कुठल्या आदेशानं हे सगळं येऊन गेलेलं असतं. कोर्टाकडं नेमकं मागायचं काय, ते या शेवटच्या पानावर. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाच्या ग्वाल्हेर खंडपीठात २०१७ मध्ये दाखल झालेल्या ज्या याचिकेबद्दल मी लिहितोय, तिच्या प्रार्थनेत चार मागण्या होत्या. पहिली, आम्हा अतिथी शिक्षकांना, म्हणजे रिकाम्या जागेवर एका सत्रापुरतं बोलावलेल्यांना, नियमित करा. दुसरी, तोपर्यंत समान कामाला समान वेतन द्या. तिसरी, आमच्या जागी दुसरे अतिथी शिक्षक आणून बसवू नका. चौथी, मागच्या दोन सत्रांचं अडकलेलं मानधन द्या.

शेवटच्या दोन मागण्या नेट लावला असता तर पदरात पडल्या असत्या. पहिली मिळणं जवळजवळ अशक्य, हे वकिलांना ठाऊक होतं, संघटनेच्या सचिवांना ठाऊक होतं आणि सरकारी बाजूला तर पाठच होतं. तरी सगळा जोर पहिलीवर लागला. हा वेडेपणा नव्हता. त्यामागं हिशेब होता, आणि तो कोर्टाबाहेरचा होता.

मी शिक्षण खात्याच्या लेखा शाखेत नोकरी काढली. ग्वाल्हेरला नाही, दुसऱ्या जिल्ह्यात. निवृत्तीनंतर ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या घरी परतलो. या याचिकेतल्या एक याचिकाकर्त्या आमच्याच गल्लीत राहतात. घरात मराठी, शाळेत हिंदी, कोर्टात वकील समजावतील ती इंग्रजी. माध्यमिक शाळेत गणित शिकवतात, म्हणजे खात्याच्या भाषेत वर्ग २. सुरुवात २०११ ची. इथं त्यांना नुसतं बाई म्हणतो. वकालतनाम्यावर सही करायच्या आधी त्या कागद घेऊन आल्या, ‘काका, एवढं वाचून द्या’ म्हणाल्या, आणि तेव्हापासून त्यांच्या प्रत्येक कागदाची एक प्रत आमच्या कपाटात आहे. नोकरीत मी अशा याचिकांची दुसरी बाजू पाहिली होती. नोटीस आली की ओआयसी, म्हणजे प्रकरणाचा प्रभारी अधिकारी, नेमायचा. त्यानं नस्ती, म्हणजे फाइल, घेऊन अतिरिक्त महाधिवक्त्यांच्या कार्यालयात खेटे घालायचे. आणि मागच्या प्रकरणातला जवाबदावा, म्हणजे सरकारचं लेखी उत्तर, नावं बदलून पुढं चालवायचा.

आधीच्यांना कसं मिळालं

मध्य प्रदेशात १९९० च्या दशकात सरकारनं नियमित शिक्षकांची भरती आखडती घेतली आणि पंचायतींमार्फत शिक्षाकर्मी नेमले. काम शिक्षकाचं, नोकरी पंचायतीची, पगार नाममात्र. २००१ मध्ये संविदा शाळा शिक्षक आले. २००७ मध्ये या मंडळींसाठी ‘अध्यापक’ नावाचा संवर्ग केला. जानेवारी २०१८ मध्ये भोपाळला अध्यापकांनी मुंडण आंदोलन केलं, त्यात बायकांनीही केस उतरवले. ते विधानसभा निवडणुकीचं वर्ष होतं. १ जुलै २०१८ पासून दोन लाखांहून जास्त अध्यापकांना शालेय शिक्षण विभागाच्या नव्या संवर्गात घ्यायचं ठरलं. मधल्या काळात अध्यापकांचे नेते मुरलीधर पाटीदार २०१३ मध्ये भाजपच्या तिकिटावर सुसनेरमधून आमदार झाले होते.

हे सगळं सांगायचं कारण एवढंच, की शिक्षाकर्मी ते सरकारी शिक्षक या वाटेवरचे मोठे टप्पे मंत्रिमंडळाच्या बैठकीत ठरले. कोर्टात याचिका खंडीभर होत्या, पण दार उघडलं ते भोपाळात, आणि बहुधा निवडणूक तोंडावर असताना. अतिथी शिक्षकांनी हे डोळ्यांनी पाहिलेलं. ज्या शाळेत बाई शिकवायच्या तिथले मुख्याध्यापक स्वतः १९९८ चे शिक्षाकर्मी. ते चहा पिता पिता म्हणायचे, ‘आम्हीही असेच होतो, धीर धरा.’

अतिथी शिक्षकांची गत शिक्षाकर्मींहून वाईट. रिकाम्या जागेवर एका सत्रापुरतं बोलावणं. ऑनलाइन पोर्टलवर स्कोअर कार्ड निघतं, त्यावरून शाळा मिळते, एप्रिलअखेर काम संपतं, आणि मध्येच कोणी नियमित शिक्षक बदलीवर आला तर त्याच दिवशी घरी. उन्हाळ्याचे पैसे नाहीत. नेमणुकीचा म्हणावा असा आदेश नाही; संकुल प्राचार्यांच्या सहीचं उपस्थितीपत्रक, तेच सेवापुस्तक. बाईंनी अशी पत्रकं प्लास्टिकच्या पिशवीत सत्रावार लावून ठेवली होती. त्यातलं एक पावसात भिजलेलं होतं आणि नेमकी त्याच्यावरची तारीख गेली होती. पुढं सरकारी वकिलांनी तेच सत्र ‘सिद्ध होत नाही’ म्हणून खोडलं.

कोर्टातच का

शिक्षक संघटना राजकारणासाठी कोर्ट वापरतात असं म्हटलं की लोक नाक मुरडतात. मला ते पटत नाही. त्यांच्यापुढं दुसरी कुठली दारं उघडी आहेत ते आधी बघावं.

कामगार न्यायालय? सर्वोच्च न्यायालयानं १९८८ मध्ये, गोव्यातल्या ए. सुंदरांबाळ या शिक्षिकेच्या प्रकरणात, शिक्षक हा औद्योगिक विवाद कायद्याखालचा ‘कामगार’ नव्हे असं ठरवलं. संप? २००३ च्या रंगराजन निकालात, तमिळनाडूच्या कर्मचाऱ्यांना कामावरून काढल्याच्या प्रकरणात, सरकारी कर्मचाऱ्याला संपाचा मूलभूत हक्क नाही असं त्याच न्यायालयानं सांगितलं. मध्य प्रदेशात तर १९७९ चा अत्यावश्यक सेवा कायदा आहेच. सेवाविषयक तक्रारींसाठी राज्य प्रशासकीय न्यायाधिकरण होतं, ते या शतकाच्या सुरुवातीला गुंडाळलं. राहिलं काय, तर घटनेचं कलम २२६ आणि जबलपूर, इंदूर, ग्वाल्हेर या तीन ठिकाणचं उच्च न्यायालय. ग्वाल्हेरच्या फूलबागेत धरणं धरलं की दुसऱ्या दिवशीच्या पेपरात दोन ओळी येतात. याचिका केली की सरकारला वकील उभा करावा लागतो. संघटनेला सरकार समोर बसवून घेत नाही, तेव्हा संघटना सरकारला कोर्टात बसवते. यात मला लबाडी दिसत नाही.

लबाडी असलीच तर ती पुढच्या पायरीवर आहे: कुठली मागणी लढायची आणि कुठली नुसती लिहून ठेवायची, हे कोण ठरवतं तिथं.

सिटी सेंटरमधल्या चेंबरमध्ये

बाई एकट्या कशा जातील म्हणून मीही गेलो. सिटी सेंटरला कोर्टापासून जवळच वकिलांचं चेंबर. वकील चांगले होते, सेवा प्रकरणांत मुरलेले. त्यांनी मसुदा पुढं ओढला आणि पेन्सिलीनं तिसऱ्या-चौथ्या मागणीला कंस केला. म्हणाले, ‘या दोन वेगळ्या काढू. ज्यांचं मानधन अडकलंय आणि ज्यांना काढायची भीती आहे, तेवढीच नावं. दोन-तीन पेशींत, म्हणजे सुनावण्यांत, काहीतरी हातात पडेल.’

त्यांचं म्हणणं कायद्याला धरून होतं. एका तात्पुरत्या माणसाला काढून त्याच जागी दुसरा तात्पुरता माणूस आणायचा नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं १९९२ मध्येच पियारा सिंग प्रकरणात, हरियाणाच्या बाबतीत, सांगितलंय, आणि अतिथींच्या बाजूनं वकील ते हमखास पुढं करतात. अडकलेलं मानधन तर सरळ कामाचे पैसे.

पहिल्या मागणीची गोष्ट वेगळी. तिच्या वाटेत उमादेवी निकाल उभा आहे. १० एप्रिल २००६ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं कर्नाटकच्या प्रकरणात सांगितलं, की मागच्या दारानं आलेल्या तात्पुरत्या माणसाला, तो कितीही वर्षं राबला तरी, नियमित होण्याचा हक्क नाही. एकच फट ठेवली: मंजूर पदावर, पात्रता असलेला माणूस १० वर्षं किंवा जास्त काम करत आला असेल, तर सरकारनं एकदाच अशांचा विचार करावा. आणि त्या फटीलाही एक अट. ती १० वर्षं कोर्टाच्या किंवा न्यायाधिकरणाच्या आदेशाच्या आधारावर काढलेली नसावीत.

ही अट मी त्या दिवशी मोठ्यानं वाचून दाखवली, कारण कोणी तिच्याकडं बघत नव्हतं. तिचा अर्थ असा, की स्टे घेऊन नोकरी टिकवलीत तर ती वर्षं नियमित होण्याच्या हिशेबात नाहीत. तिसरी मागणी जिंकलात तर पहिलीचा पाया खचतो. दोन्ही एकाच कागदावर मागायच्या म्हणजे काय, हे प्रत्येकानं स्वतःपुरतं ठरवायला हवं होतं. ज्याला घर चालवायचंय त्यानं तिसरी धरावी. ज्याची १० वर्षं भरत आलीत त्यानं स्टेच्या वाटेला जाऊ नये. बाईंची तेव्हा सहा झाली होती.

संघटनेचे सचिव ऐकून घेत होते. मग वकिलांना म्हणाले, ‘साहब, मानधन के नाम पर भोपाल कौन चलेगा? नियमितीकरण ऊपर रखिए.’

त्यांच्या जागी बसलं तर त्यांचंही कळतं. संघटना नवी, मान्यता नाही, वर्गणी माणशी गोळा करायची. छोटी याचिका जिंकली की त्या पन्नास जणांचं काम होतं आणि पन्नास जण संघटनेतून गळतात. मोठी याचिका चालू राहिली की सगळे बांधलेले राहतात. याचिका क्रमांक लेटरहेडवर छापता येतो. आमदाराकडं गेलं तर ‘आमचा विषय हायकोर्टात आहे’ म्हणता येतं. पुढच्या वर्षी निवडणूक होती आणि दोन्ही पक्षांना अतिथी शिक्षकांची गर्दी हवी होती. सचिव हे लपवत नव्हते. शेवटी ठरलं, चारही मागण्या एकत्र, पहिली ती पहिलीच.

भीतीचा भाग होताच. सेवा प्रकरणांत कोर्टाचा फायदा आधी याचिकाकर्त्याला मिळतो. सारख्या परिस्थितीतल्या इतरांनाही तो द्यावा असं तत्त्व आहे, पण सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये उत्तर प्रदेशच्या अरविंदकुमार श्रीवास्तव प्रकरणात सांगितलं, की जे कुंपणावर बसून राहिले आणि दुसऱ्याचा निकाल लागल्यावर जागे झाले त्यांना हक्कानं मागता येत नाही. संघटना सभासद गोळा करताना हेच वापरतात: यादीत नाव नसेल तर उद्या रडायचं नाही. बाईंनी याच धाकानं सही केली. नियमित होऊ अशी आशा त्यांना फारशी नव्हती.

अंतरिम आदेश, आणि नंतरची शांतता

पहिल्याच पेशीला नोटीस निघाली आणि तिसऱ्या मागणीपुरता अंतरिम आदेश मिळाला: नियमित शिक्षक येईपर्यंत याचिकाकर्त्यांच्या जागी दुसरे अतिथी नेमू नयेत. बाईंचं ते सत्र वाचलं, पुढचंही. त्या आदेशाची प्रत त्यांनी प्राचार्यांच्या टेबलावर ठेवली तेव्हा प्राचार्यांनी ती दोनदा वाचली आणि म्हणाले, ‘चला, मलाही उत्तर द्यायला कागद झाला.’ गणिताला माणूस हवाच होता त्यांना.

त्यानंतर याचिका झोपली. संघटनेनं लवकर सुनावणीचा अर्ज केला नाही. सरकारचा जवाबदावा आला नाही, त्याचीही कोणाला घाई नव्हती. २०१८ च्या वचनपत्रात, म्हणजे निवडणूक जाहीरनाम्यात, काँग्रेसनं अतिथी शिक्षकांना नियमित करण्याचं आश्वासन दिलं. २८ नोव्हेंबरला मतदान झालं, ११ डिसेंबरला निकाल लागला, कमलनाथांचं सरकार आलं.

आता संघटनेला याचिका अडचणीची वाटू लागली. सरकार ‘आपलं’, त्याच्याशी कोर्टात कशाला भांडायचं? शिवाय मंत्रालयात गेलं की एकच उत्तर मिळायचं: प्रकरण न्यायालयात विचाराधीन आहे. संघटना जो कागद सरकारवर उगारायला काढते, तोच सरकार छत्रीसारखा डोक्यावर धरतं. मध्य प्रदेशातल्या पदोन्नत्या बघा. २००२ चे पदोन्नती नियम उच्च न्यायालयानं ३० एप्रिल २०१६ ला रद्द केले, राज्य सर्वोच्च न्यायालयात गेलं, ‘जैसे थे’ आदेश झाला, आणि वर्षानुवर्षं माणसं त्याच पदावरून निवृत्त होत गेली. विचारलं की उत्तर ठरलेलं, कोर्टात आहे. मार्च २०१८ मध्ये निवृत्तीचं वय ६० चं ६२ केलं तेव्हा हेच कारण पुढं केलं होतं.

तर २०१९ मध्ये संघटनेच्या सांगण्यावरून वकिलांनी कोर्टापुढं एवढंच म्हटलं, की आम्ही सरकारकडं नव्यानं अभ्यावेदन, म्हणजे लेखी निवेदन, देतो, त्यावर ठराविक मुदतीत निर्णय घ्यायला सांगावं. सरकारी वकिलांची हरकत असायचं कारणच नव्हतं. याचिका निकाली निघाली. आदेश दीड पानाचा. याचिकाकर्त्यांनी अभ्यावेदन द्यावं, सक्षम अधिकाऱ्यानं कायद्यानुसार त्यावर सकारण निर्णय घ्यावा, आणि शेवटी नेहमीचं वाक्य: प्रकरणाच्या गुणदोषांवर न्यायालयानं कोणतंही मत व्यक्त केलेलं नाही.

त्या संध्याकाळी व्हॉट्सअॅपवर आदेशाचं पहिलं पान फिरलं. वर लिहिलं होतं, ‘हायकोर्टाचा ऐतिहासिक निर्णय, नियमितीकरणाचे निर्देश’. शेवटचं वाक्य दुसऱ्या पानावर होतं.

अशा ‘विचार करा’ आदेशांबद्दल सर्वोच्च न्यायालयानं २००८ मध्येच, सी. जेकब प्रकरणात, नापसंती दाखवलीय. विचार करा म्हटलं की मेलेल्या दाव्यात जीव आल्याचा भास होतो, अधिकारी तो फेटाळतो, आणि त्या फेटाळणीवर नवी याचिका उभी राहते. खात्यात टेबलामागं बसून मी हे चक्र कितीदा पाहिलं असेल. अभ्यावेदन आवक नोंदवहीत चढतं, टीप लिहिली जाते, टिपेत उमादेवीचा उल्लेख येतो, फेटाळल्याचा आदेश निघतो, मुदत संपायच्या आत किंवा अवमान याचिकेची नोटीस आल्यावर. सकारण म्हणजे लांबलचक, एवढाच त्याचा अर्थ कार्यालयात घेतला जातो.

एक गोष्ट मात्र त्या संध्याकाळी कोणाच्या लक्षात आली नाही. याचिका निकाली निघाली की अंतरिम आदेशही संपतो. ज्या कागदावर बाईंची शाळा टिकली होती तो त्या दिवशी गेला. पुढच्या सत्रात पोर्टलवर त्यांच्या शाळेत दुसऱ्या उमेदवाराचं नाव आलं आणि बाई घरी बसल्या. चौथी मागणी, अडकलेलं मानधन, तीही अभ्यावेदनात ढकलली गेली होती. अभ्यावेदन संघटनेनं सगळ्यांचं मिळून एकच दिलं. त्यात मानधनाचा परिच्छेदच नव्हता.

महाराजांचं निमित्त

फेब्रुवारी २०२० मध्ये ज्योतिरादित्य शिंदे, ग्वाल्हेरचे ‘महाराज’ आणि तेव्हा काँग्रेसचे नेते, टीकमगढ जिल्ह्यातल्या सभेत होते. अतिथी शिक्षक समोर आले. शिंद्यांनी सांगितलं, की तुमची मागणी वचनपत्रात आहे, ती पूर्ण झाली नाही तर मी तुमच्याबरोबर रस्त्यावर उतरेन. कमलनाथांना पत्रकारांनी विचारलं तेव्हा ते म्हणाले, उतरायचं तर उतरावं. १० मार्चला शिंद्यांनी काँग्रेस सोडली, २२ आमदार गेले, २० मार्चला कमलनाथांनी राजीनामा दिला आणि २३ तारखेला शिवराजसिंह चौहान पुन्हा मुख्यमंत्री झाले.

सरकार अतिथी शिक्षकांमुळं पडलं असं कोणी शहाणा म्हणणार नाही. भांडण कधीचं धुमसत होतं. पण बोलायला निमित्त त्यांचं झालं, आणि आमच्या लष्करात त्या आठवड्यात महाराज बाड्याच्या चौकातल्या पानवाल्यापासून सगळ्यांना अतिथी शिक्षक म्हणजे कोण हे कळलं. नोव्हेंबर २०२० मध्ये २८ जागांची पोटनिवडणूक झाली, त्यातल्या १६ ग्वाल्हेर-चंबळच्या. भाजपला एकूण १९ मिळाल्या. नियमितीकरणाचं दोन्ही बाजूंनी पुष्कळ बोलणं झालं.

बाई तेव्हा घरीच होत्या. शाळा बंद, अतिथींना बोलावणं नाही. गल्लीतल्या पोरांच्या शिकवण्या फोनवर घेत होत्या.

राजकारणानं काहीच दिलं नाही असं मात्र नाही, आणि इथं संघटनेच्या बाजूनं बोललं पाहिजे. २०१८ च्या भरती नियमांत, तीन सत्रं आणि २०० दिवस काम केलेल्या अतिथी शिक्षकांसाठी २५ टक्के जागा राखल्या गेल्या. पात्रता परीक्षा पास व्हायची अट होतीच. सप्टेंबर २०२३ मध्ये, मतदानाला जेमतेम अडीच महिने उरले असताना, शिवराजसिंहांनी भोपाळला अतिथी शिक्षकांची महापंचायत भरवली आणि मानधन दुप्पट केलं: वर्ग १ ला, म्हणजे उच्च माध्यमिकला, ९ हजारांचे १८, वर्ग २ ला ७ चे १४, वर्ग ३ ला, म्हणजे प्राथमिकला, ५ चे १०. तोवर बाई दुसऱ्या शाळेत परत लागल्या होत्या. त्यांच्या घरात त्या महिन्यापासून जो फरक पडला तो कुठल्याही याचिकेनं पाडला नव्हता. महापंचायतीला जायच्या बसमध्ये त्याही होत्या.

बिहारमध्येही हेच मोठ्या प्रमाणावर झालं. तिथल्या ‘नियोजित’, म्हणजे पंचायती-नगरपालिकांमार्फत नेमलेल्या, शिक्षकांच्या संघटना समान वेतनाची लढाई २०१७ मध्ये पाटणा उच्च न्यायालयात जिंकल्या आणि मे २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात हरल्या. साडेतीन लाखांच्या आसपास शिक्षकांचा प्रश्न होता. पुढं २०२३ मध्ये राज्य सरकारनं ‘विशिष्ट शिक्षक’ या नव्या पदाचे नियम केले आणि सक्षमता परीक्षेच्या वाटेनं त्यांना राज्य कर्मचाऱ्याचा दर्जा देऊ केला. हरलेला खटलासुद्धा इतकी वर्षं विषय जिवंत ठेवतो. आमचे सचिव हे उदाहरण नेहमी देतात आणि ते चूक नाहीत. फक्त बिहारचे शिक्षक त्या काळात नोकरीत होते, पगार घेत होते. अतिथी शिक्षकाला विषय जिवंत ठेवायचा तर त्याच्या स्वतःच्या सत्रावर पाणी सोडावं लागतं, हा फरक ते सांगत नाहीत.

लेखी नकार

डिसेंबर २०२३ मध्ये भाजप १६३ जागा घेऊन परत आला. सप्टेंबर २०२४ मध्ये शालेय शिक्षणमंत्री उदयप्रताप सिंह बोलून गेले, की पाहुणे म्हणून आलात तर काय घरावर कब्जा करणार? त्यावरून गदारोळ झाला. ऑक्टोबरमध्ये लोक शिक्षण संचालनालयानं, उच्च न्यायालयाच्या निर्देशानंतर, आदेश काढला: अतिथी शिक्षकांना नियमित करता येणार नाही, थेट भरतीत २५ टक्के आरक्षण आहे, त्यातून यावं.

त्या आदेशाकडं मी खात्यातला माणूस म्हणून बघतो. मंत्री तोंडी काही बोलला तर ते उद्या फिरवता येतं. कोर्टाच्या सांगण्यावरून निघालेला सकारण लेखी नकार फिरवायला त्याहून मोठा कागद लागतो. पुढचा मंत्री मनानं चांगला असला तरी त्याचा सचिव हीच नस्ती त्याच्यापुढं ठेवणार. नेत्यांना मात्र तो नकार उपयोगी पडला. सभेत आदेशाच्या प्रती जाळता आल्या. या सगळ्या प्रकरणात मला खटकतं ते इथं. कोर्टाचा राजकारणासाठी वापर झाला म्हणून नव्हे. ‘नाही’ लिहून घेण्यासाठी झाला, आणि ते ‘नाही’ ज्यांच्या नावावर चढलं त्यांना आधी विचारलं नाही, म्हणून.

बाईंच्या नावे स्वतंत्र फेटाळणीही आली. तिच्यात दोन वाक्यं होती. अर्जदाराची सेवा सलग १० वर्षांची नाही. आणि २०१७ ते २०१९ ची सेवा न्यायालयाच्या अंतरिम आदेशामुळं झालेली असल्यानं ती धरता येत नाही.

डिसेंबर २०२४ मध्ये वारा थोडा बदलला. जग्गो प्रकरणात, केंद्रीय जल आयोगाच्या सफाई कामगार आणि माळ्याच्या बाबतीत, सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, की उमादेवीचा निकाल वर्षानुवर्षं कायमस्वरूपी काम करणाऱ्यांना नाकारण्यासाठी ढालीसारखा वापरला जातोय, ते बरोबर नाही. संघटनेनं लगेच नव्या याचिकेसाठी वर्गणी सुरू केली. या वेळी पहिल्या मागणीत खरोखर दम आहे, वकीलही तसंच म्हणाले. मला वाटतं, सातत्याचा प्रश्न सुटल्याशिवाय अतिथींना जग्गो लावणं कठीण जाईल, कारण त्यांची प्रत्येक एप्रिलला तुटलेली सेवा सरकारनं मुद्दामच तशी ठेवलीय. पण लढण्यासारखं आहे.

जुन्या मानधनाचं विचारलं तेव्हा वकिलांनी मान हलवली. उशिरा मागितलेल्या थकबाकीला कोर्टं साधारण याचिकेआधीच्या तीन वर्षांपलीकडं जात नाहीत; २००८ चा तरसेम सिंग निकाल आहे. २०१५ ते २०१७ चे पैसे बुडाले.

बाईंनी या वेळी दोन्हीकडं पैसे भरले. संघटनेच्या याचिकेत नाव घातलं, आणि सिटी सेंटरमधल्याच एका तरुण वकिलांकडून आपली वेगळी छोटी याचिका केली: माझ्या जागी दुसरा अतिथी नको, एवढंच. सही करायच्या आधी मी त्यांना उमादेवीतली ती अट पुन्हा वाचून दाखवली. म्हटलं, ‘अगं, ही वर्षं परत हिशेबातून जातील.’

‘जाऊ देत, काका,’ म्हणाल्या. ‘दहा वर्षांचं मग बघू. मला जुलैत शाळा पाहिजे.’

संघटनेच्या याचिकेत अजून जवाबदावा आलेला नाही. छोट्या याचिकेत पहिल्याच पेशीला अंतरिम आदेश झाला.